मॉर्डिनसारख्या गुरूवर जीव का जडतो, आणि तसं पात्र लिहायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. 'मास इफेक्ट' या अंतराळकथेच्या गेम-मालिकेतला मॉर्डिन सोलस विचारणाऱ्याला मनापासून आवडतो. पण याच मॉर्डिनने क्रोगन नावाच्या अख्ख्या जमातीची मुलं जन्मालाच येऊ नयेत याची पक्की तजवीज केली होती. मग त्याच्या शेवटच्या प्रसंगात डोळे भरून येणं म्हणजे त्या अपराधाकडे काणाडोळा करणं का? आणि दुसरा भाग असा: स्वतःच्या छोट्या गेममध्ये एक वृद्ध अभियंता लिहायची आहे. तरुणपणी तिने यानावरचा एक अपघात दडपला होता आणि आता ती नायिकेला काम शिकवते आहे. तिच्याबाबतीत काय सांभाळावं?

मी गेमसाठी कथा आणि संवाद लिहिते. अशी पात्रं उभी करणं आणि दुसऱ्यांनी उभ्या केलेल्यांची डागडुजी करून देणं हे माझं रोजचं काम, त्यामुळे उत्तर लांबणार. काही गेमचे शेवटही उघडे पडणार आहेत. ज्यांना ते अजून खेळायचे आहेत त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

पहिल्या भागाचं उत्तर 'नाही' असं आहे. मॉर्डिनचा अपराध विसरून तो प्रसंग पाहिला तर त्यात रडण्यासारखं फारसं उरतच नाही.

तो पहिल्यांदा भेटतो २०१० च्या 'मास इफेक्ट २'मध्ये, ओमेगा या बकाल अंतराळस्थानकावर. साथ पसरलेली आहे, वस्तीची नाकेबंदी झाली आहे आणि सॅलेरियन या परग्रही जमातीतला हा डॉक्टर दवाखाना थाटून बसला आहे. रोगी आला तर बरा करतो, धमकावणारे आले तर गोळी घालतो. तोंडाचा पट्टा अखंड चालू, वाक्यं मात्र अर्धवट तोडलेली. सॅलेरियन जेमतेम चाळीस वर्षं जगतात, तेव्हा ही घाई त्याच्या रक्तातच आहे. तो लगेच आवडतो. लेखकांनी हे मुद्दाम आधी घडवून घेतलं आहे. जीनोफेजमधला त्याचा वाटा कळतो तो नंतर, तो आपल्या यानावर राहायला आल्यावर, गप्पांच्या ओघात.

जीनोफेज म्हणजे क्रोगनांना आवरण्यासाठी सॅलेरियनांनी बनवलेला आणि ट्युरियन या आणखी एका जमातीने वापरलेला जनुकीय आजार. त्याने हजारात एखादीच गर्भधारणा तडीस जाते. शतकं लोटली, क्रोगनांची शरीरं त्यावर मात करू लागली, तेव्हा मॉर्डिनच्या गुप्त पथकाने तो सुधारून पुन्हा सोडला. मॉर्डिनकडे समर्थन तयार असतं: क्रोगन वाढले तर युद्ध, युद्ध झालं तर त्यांचा समूळ नायनाट, त्यापेक्षा हे बरं. युक्तिवाद पोकळ नाही, आणि म्हणूनच तो अंगावर येतो. मग टुचांका ग्रहावरची मोहीम. मॉर्डिनचाच जुना शिष्य मेलॉन तिथे अपराधीपणाने पछाडून जीनोफेजवर उतारा शोधतो आहे, आणि त्यासाठी जिवंत माणसांवर व क्रोगनांवर भयानक प्रयोग करतो आहे. त्या प्रयोगांत मेलेल्या एका क्रोगन स्त्रीच्या प्रेतापाशी मॉर्डिन थांबतो, तिच्यासाठी प्रार्थना म्हणतो. पुन्हा उठून समर्थन चालू. ही उठबस फार बारकाईने लिहिलेली आहे. त्याला पश्चात्ताप झाला आहे असं गेम कुठेही जाहीर करत नाही. त्याची आकडेमोड पुरी पडेनाशी झाली आहे, एवढंच दिसतं.

२०१२ च्या तिसऱ्या भागात तो उतारा सगळीकडे पसरवायला एका मनोऱ्यावर चढतो. मनोरा कोसळतो आहे, परत येणं नाही. आपण त्याला अडवलं तर हा एरवी आकड्यांत बोलणारा माणूस फुटतो आणि आपली चूक झाली हे ओरडून कबूल करतो. तरीही वर का जायचं याचं त्याने दिलेलं कारण ऐका. हे मलाच करायला हवं, दुसऱ्या कोणाकडून चुकलं असतं, अशा अर्थाचं तो बोलतो. जीनोफेज सुधारताना त्याच्या मनात हाच हिशेब होता! स्वतःच्या हातावरचा तोच ताठ विश्वास. त्याच गर्वाने एका जमातीच्या कुशी रिकाम्या ठेवल्या आणि त्याच गर्वाने त्याला मनोऱ्यावर चढवलं. मॉर्डिन सुधारून वेगळा माणूस झालेला नाही. तो तोच आहे, फक्त या वेळी किंमत स्वतः मोजतो आहे.

मला या सगळ्या प्रकाराबद्दल सांगायचं आहे ते एवढंच: दोष आणि धैर्य एकाच मुळातून आलेलं असेल तर असं पात्र मनात घर करतं. आमच्या धंद्यात सर्रास जे लिहिलं जातं ते जमाखर्चाच्या वहीसारखं असतं. डाव्या बाजूला पापं, उजव्या बाजूला पराक्रम, आणि वजाबाकी करून उरेल तेवढं प्रेम. गुरू दारू पितो पण शूर आहे. गुरू तिरसट आहे पण जीव देतो. दारूचा आणि जीव देण्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. असा दोष नुसता रंग म्हणून थापलेला असतो आणि खेळाडूला ते बरोबर कळतं.

याच मालिकेतला कॅप्टन अँडरसन घ्या. मला तो आवडतो. कीथ डेव्हिडचा आवाज आहे, न आवडून सांगता कोणाला? २००७ च्या पहिल्या भागात तो स्वतःचं यान आपण खेळतो त्या शेपर्डच्या हवाली करतो, तिसऱ्या भागात पृथ्वीवर मागे राहून प्रतिकाराची लढाई चालवतो, आणि शेवटी शेपर्डशेजारी बसून प्राण सोडतो. त्याला दोषही दिलेला आहे: स्पेक्टर, म्हणजे आकाशगंगेचा कारभार पाहणाऱ्या कौन्सिलचा खास हस्तक, होण्याची पहिली संधी मिळालेला माणूस तो, आणि तिथे तो अपयशी ठरला. पण ते अपयश सॅरेनने, म्हणजे पहिल्या भागातल्या खलनायकाने, घडवून आणलेलं होतं हे लवकरच कळतं, म्हणजे दोषाची लगेच निर्दोष मुक्तता. उरते ती सॅरेनबद्दलची जुनी अढी, जिच्यामुळे कौन्सिलपुढे त्याचा शब्द हलका पडतो. तो धागा अजून ताणायला हवा होता असं मला नेहमी वाटतं. अँडरसनवर प्रेम करायला आपल्याला काहीच खर्च करावं लागत नाही.

खर्च करावा लागतो तो 'मेटल गिअर सॉलिड ३'मध्ये. २००४ चा हा गेम विज्ञानकथेच्या काठावर उभा आहे: काळ १९६४ चा, शीतयुद्धाचा, पण त्यात गांधीलमाश्यांची फौज पाळणारा शत्रू आहे आणि अण्वस्त्र डागणारा राक्षसी रणगाडाही. द बॉस ही नायकाची गुरू. तिने त्याला लढायला शिकवलं आणि सुरुवातीलाच ती शत्रूला जाऊन मिळाली. शेवटी पांढऱ्या फुलांच्या माळावर तिच्याशी लढायचं, वेळ दहा मिनिटं. ती हरते, कटसीन, म्हणजे नुसतं पाहायचं दृश्य, सुरू होतो, नायक बंदूक रोखतो. आणि मग काहीच होत नाही. आपण वाट पाहतो, पडदा तसाच. थोड्या वेळाने ध्यानात येतं की गोळी आपणच झाडायची आहे, बटण दाबल्याशिवाय गोष्ट पुढे सरकणार नाही. तिचं फितूर होणं हे सोंग होतं, वरून आलेला हुकूम होता, आणि निर्दोष असूनही गद्दार म्हणून मरणं हाही त्याच हुकुमाचा भाग झाला, हे सगळं नंतर कळतं. दुसऱ्या माध्यमात आपण नायकाचा हात थरथरताना पाहिला असता. इथे थरथरायचं आपल्या अंगठ्याने.

द बॉसचा दोष कोणता, असं विचारलं तर बरेच जण म्हणतात की तिला दोषच नाही. मला तो स्पष्ट दिसतो: ती बोलत नाही. हुकूम पाळण्याची तिची ताकद आणि शिष्याला अंधारात ठेवण्याची तिची चूक ही एकच गोष्ट आहे. तिने मागे कोडं ठेवलं. पुढच्या गेममध्ये हाच शिष्य तिच्या इच्छेचा आपल्याला सोयीचा अर्थ लावत गेला आणि ज्याच्याविरुद्ध लढायचं तोच होऊन बसला. गुरूच्या चुकीचं बिल शिष्याच्या नावावर फाटतं, ते असं.

'होरायझन झीरो डॉन'मधला रॉस्ट (२०१७) याच जातकुळीतला, पण साधा. टोळीने बाहेर काढलेला माणूस, पदरात टोळीनेच टाकून दिलेली एक पोर. तो एलॉयला शिकार शिकवतो, आणि ज्या कायद्याने दोघांना वाळीत टाकलं तो कायदा स्वतः कसोशीने पाळतो, इतका की टोळीतल्या कोणाशी बोलायचंही टाळतो. मोठी परीक्षा जिंकून एलॉय टोळीत गेली की आपण तिच्या आयुष्यातून नाहीसं व्हायचं हेही त्याने ठरवून टाकलं आहे. लहान पोरीवर अन्याय करणारा नियम तो प्रश्न न विचारता मानतो, हा त्याचा दोष. त्याच चिवट निष्ठेने तो तिला स्फोटापासून दूर ढकलतो आणि मरतो. त्याच्या मरणापेक्षाही मला त्याचं थडगं आवडतं. गोष्टीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर परत येऊन एलॉय तिथे त्याच्याशी बोलू शकते. तसं करायलाच हवं असं नाही. बोलणं खेळाडूवर सोडल्यामुळे तिथे येणारा माणूस खरोखरच आठवणीने येतो.

आता क्रेया. तिच्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं, पण या विषयात तिला टाळणं म्हणजे पळवाट होईल. 'स्टार वॉर्स'च्या विश्वातला 'नाइट्स ऑफ द ओल्ड रिपब्लिक २' (२००४), लेखक ख्रिस ॲव्हेलोन. क्रेया ही त्यातली नायकाची गुरू. आंधळी म्हातारी, तल्लख, विषारी. नार शड्डा या चंद्रावर एक भिकारी हात पसरतो. पैसे दिले तर दुसराच कोणी त्याला मारून ते लुबाडतो. हाकलून दिलं तर तोच जाऊन दुसऱ्यावर हात उचलतो. दोन्ही वेळा क्रेया तुम्हालाच बोल लावते. तिथे पहिल्यांदा अनेकांना वाटतं की कोणीतरी आपल्याशी मोठ्या माणसासारखं बोललं. माझं मत जरा कडू आहे: तो डाव खोटा आहे. दोन्ही दारांमागे लेखकानेच खड्डा खणून ठेवलाय आणि क्रेया त्याला शहाणपण म्हणते आहे. पण पात्र म्हणून ती अस्सल आहे, कारण ती बरोबरच्या माणसांशीही हेच करते. ॲटन या सोबत्याला त्याच्या भूतकाळाचा धाक घालून दावणीला बांधते, बाकीच्यांना सोंगट्यांसारखी फिरवते. तिचं धाडस खरं आहे. सबंध विश्वाला बांधून ठेवणाऱ्या शक्तीशी तिने वैर पत्करलं आहे आणि शेवटी शिष्याला घडवण्यासाठी ती स्वतःच शत्रू म्हणून समोर उभी राहते. मला तिचा आदर वाटतो, दरारा वाटतो. कौतुक मात्र वाटत नाही, कारण मॉर्डिन ज्या हिशेबातून बाहेर पडला त्यात ती शेवटपर्यंत रमलेली आहे. तिच्या लेखी इतर माणसं म्हणजे धड्यासाठीचं साहित्य.

म्हणजे कौतुक आणि माफी यांची गल्लत इथे सुटते. मॉर्डिनचं कौतुक करायला क्रोगनांच्या वतीने माफी द्यावी लागत नाही. ती द्यायचा अधिकार आपल्याला नाहीच. गेमही ती मागत नाही. शेपर्ड त्याला आधीपासून धारेवर धरू शकतो. उलट मनोऱ्यावर जाताना त्याला पाठीत गोळीही घालू शकतो, आणि ती गोळी घालणाऱ्याला पुढे जे सहन करावं लागतं ते लेखकांनी अजिबात सौम्य केलेलं नाही. फार थोड्या परिस्थितींत, म्हणजे पहिल्या भागात शेपर्डचा क्रोगन साथीदार रेक्स मेलेला असेल आणि दुसऱ्या भागात मेलॉनची माहिती नष्ट केलेली असेल तर, त्याला परत फिरायला पटवताही येतं. तो जगतो. मी तो शेवट मुद्दाम खेळून पाहिला आहे. जिवंत मॉर्डिन इतका परका वाटला की विचारू नका.

एक गोष्ट फक्त गेममध्येच असते, ती लिहिणाऱ्याने कधी विसरू नये. गेममधल्या गुरूला अधिकार फुकट मिळतो. रेडिओवर जो आवाज सांगतो की पुढचं दार उघड, त्याचं आपण ऐकतो, कारण ऐकलं नाही तर गेम जागचा हलत नाही. 'सिस्टम शॉक २'ने १९९९ मध्ये आणि 'बायोशॉक'ने २००७ मध्ये या आज्ञाधारकपणाचाच गळा धरला: एकात डॉक्टर पॉलिटो म्हणून बोलणारी प्रत्यक्षात शोडॅन ही खुनशी कृत्रिम बुद्धी निघते, दुसऱ्यात ॲटलस नावाचा प्रेमळ वाटाड्या आपल्याला कळसूत्री बाहुलीसारखं नाचवत असतो. याच्या नेमकं उलट टोक २००० च्या 'डेयस एक्स'मध्ये आहे. पॉल डेंटन हा नायकाचा भाऊ, आणि वाट दाखवणाराही. हॉटेलवर छापा पडतो तेव्हा तो सांगतो, तू खिडकीतून निसट. त्याचं ऐकलं तर तो मरतो. ऐकलं नाही, थांबून लढलात आणि दारातून बाहेर पडलात, तर तो पुढे जिवंत भेटतो. असं करता येतं हे गेम कुठेही सांगत नाही. गुरूचा शब्द मोडून गुरूला वाचवणं. इतकी सुंदर रचना पंचवीस वर्षांनंतरही विरळाच.

आता तुमची अभियंता.

'तरुणपणी अपघात दडपला' ही अजून फक्त माहिती आहे. ती जुन्या नोंदींच्या फायलीत ठेवली तर निम्मे खेळाडू ती उघडणारच नाहीत, आणि उघडणारे मान डोलावून पुढे जातील. त्या अपघाताला यानावर चालतं-बोलतं माणूस द्या. मेलेल्यांपैकी एकाची मुलगी आज स्वयंपाकघरात काम करते, नायिकेशी तिची मैत्री आहे, आणि सत्य कळायच्या कितीतरी आधी खेळाडूने तिची दोन-चार कामं करून दिली आहेत. मॉर्डिनच्या बाबतीत हे ओझं रेक्सने उचललं होतं. एक क्रोगन आधीच आपला मित्र झालेला होता, म्हणून जीनोफेज हा आकडा राहिला नाही.

मग दोष आणि कसब एका मुळावर आणा. समजा ती नायिकेला पहिल्या दिवशी नियम शिकवते: हवा गळायला लागली की आधी झडप बंद करायची, मग माणसं मोजायची. सुरुवातीच्या दोन-तीन टप्प्यांत हाच नियम खेळाडूला वाचवतो. त्याची बोटं तो नियम शिकतात. पुढे कळतं की हा नियम आला कुठून: त्या रात्री तिने झडप बंद केली तेव्हा पलीकडे माणसं होती, आणि नंतर अहवालात लिहिलं गेलं की तिथे कोणी नव्हतं. झडप बंद करणं कदाचित बरोबरच होतं. खोटं होतं ते अहवालातलं वाक्य. आता खेळाडूसमोर पुन्हा हवा गळू द्या आणि या वेळी पलीकडून कोणीतरी दार ठोठावू द्या. शिकवलेलं करायचं की मोडायचं, हे त्याच्या हातात.

तिला मारू नका, निदान सहजासहजी. गुरूचं मरण या प्रकारात इतकं स्वस्त झालं आहे की खेळाडू पहिल्याच भेटीत तारीख बांधतो. शिवाय मरण ही कबुलीतून सुटायची वाटही असते. तिच्या बाबतीत जीव देण्यापेक्षा अवघड आहे ते सगळ्या खलाशांसमोर, त्या मुलीसमोर, खरा अहवाल वाचून दाखवणं आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसांसोबत कामाला लागणं. वाचताना तिला कारणं देऊ देऊ नका. नावं, वेळ, झडपेचा क्रमांक, एवढंच. बैठकीत कोणीतरी नक्की म्हणेल की इथे तिच्या डोळ्यांत अश्रू हवेत, पार्श्वसंगीत हवं. ठाम राहा. रडायचं ते काम खेळाडूचं.

आणि त्यानंतरच्या संवादात नायिकेला तीन पर्याय द्याल तेव्हा 'मी तुम्हाला माफ करणार नाही' हा त्यातला एक असू द्या, आणि तो निवडणाऱ्याचे गुण कापू नका, पुढचं मिशन बंद करू नका, अभियंत्याला रुसवू नका. तिने फक्त म्हणावं, "ठीक आहे. चार नंबरचा पंप अजून गळतोय, पाना घेऊन ये." मग पंप दुरुस्त करायला दोघींना एकत्र पाठवा, आणि त्या सबंध टप्प्यात दुसरा एकही संवाद लिहू नका.